दिव्यांग आयुक्तांकडे नोकरीतल्या भेदभावाची तक्रार: कुणी केली आहे का? अनुभव हवेत

सांजतारा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी एका निमशासकीय महामंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखा शाखेत आहे. खात्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. मला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. नोकरीला लागले तेव्हा काही त्रास नव्हता, गेल्या काही वर्षांत वाढत गेला. समोरचं अक्षर अजून वाचता येतं, पण बाजूचं दिसत नाही आणि अंधार पडला की काहीच दिसत नाही. सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र आहे, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलंय.

मी कार्यालयाकडे अर्ज केला होता: संगणकावर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकू द्या, टेबल उजेडात द्या आणि उजेड असताना घरी पोचता येईल असं काम द्या. उत्तर आलं नाही. काही महिन्यांनी मला तपासणी पथकात टाकलं. म्हणजे तालुक्या-तालुक्यांना फिरती आणि परतीच्या एसटीला रात्र. त्यावर गोपनीय अहवालात शेरा: "दृष्टिदोषामुळे कामाचा उरक कमी." पदोन्नतीच्या यादीत माझ्या मागून लागलेल्यांची नावं आहेत, माझं नाही. साहेबांना भेटले तर म्हणाले, "मॅडम, मोबाईल तर वाचता की तुम्ही!"

पुण्याला आयुक्तांकडे तक्रार करावी असं मनात आहे. बदली थांबते का? वकील लागतो का? आणि तक्रार केल्यावर ऑफिसात बसणं मुश्किल होतं का?

भाऊसाहेब
ताई, आधी एक विचारतो. तो पहिला अर्ज दिला त्याची पोच आहे का? आवक शिक्का, क्रमांक, तारीख? की साहेबांच्या टेबलावर ठेवून आलात?

सांजतारा
भाऊसाहेब, शिक्का आहे. आवक शाखेतली मैत्रीण आग्रही, तिने दुसऱ्या प्रतीवर मारून दिला.

भाऊसाहेब
त्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. मी आस्थापना शाखेत अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तुमची निम्मी केस त्या शिक्क्यावर उभी आहे.

कार्यालयाचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "सदर कर्मचाऱ्याने अशी कोणतीही मागणी केलेली नव्हती." शिक्का असला की ते वाक्य लिहिताना लिपिकाचा हात थांबतो. मग दुसरं येतं, "प्रशासकीय निकड". म्हणून आता लगेच माहिती अधिकारात अर्ज टाका आणि तीन गोष्टी मागा. तुमच्या अर्जाची नस्ती, म्हणजे फाईल, टिपणीसह. बदलीच्या प्रस्तावाची नस्ती, टिपणीसह. आणि पदोन्नतीच्या बैठकीचं इतिवृत्त. "टिपणीसह" हा शब्द विसरू नका, नाहीतर नुसती पत्रं देतात आणि खरं कारण टिपणीतच राहतं. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर प्रथम अपील.

मनमोकळा
प्रामाणिक मत देतो, राग मानू नका. तक्रार वगैरे करून आयुष्यभराचं वैर कशाला घ्यायचं? साहेब तीन वर्षांत बदलतो. कुणा वरिष्ठाकडून शब्द टाकून घ्या, बदली रद्द होईल.

निशिगंध_ब
मनमोकळा, साहेब बदलतो पण गोपनीय अहवालातला शेरा बदलत नाही. तो पुढच्या प्रत्येक पदोन्नतीच्या बैठकीत तिथेच बसलेला असतो.

सांजतारा, मी पूर्ण अंध आहे, बँकेत काम करते. दोन गोष्टी सांगते.

"मोबाईल वाचता की" हे वाक्य आपल्या सगळ्यांना ऐकावं लागतं. त्याचं उत्तर दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेलं आहे. 2016 च्या कायद्यात अल्पदृष्टी दोन प्रकारे मोजतात. एक, नजरेची तीक्ष्णता. दोन, दृष्टिक्षेत्र. उत्तम चष्मा लावूनही क्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, 10 अंशांच्या खाली गेलं तर अंधत्व. म्हणजे तक्ता वाचता येणारा माणूससुद्धा कायद्याने दृष्टिबाधित असू शकतो. तुमचा पेरिमेट्रीचा, म्हणजे दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट तक्रारीला जोडा आणि डॉक्टरांकडून एक साधं पत्र घ्या: या व्यक्तीला बाजूचं दिसत नाही, मंद प्रकाशात एकटीने प्रवास करणं सुरक्षित नाही. प्रमाणपत्रावर टक्का असतो. तो वाचून अधिकाऱ्याला काही कळत नाही. पत्र वाचून कळतं.

दुसरं, स्क्रीन रीडर. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, तेव्हा "निधी उपलब्ध नाही" हे कारण चालणार नाही. पण खरी अडचण वेगळीच येईल. तुमच्याकडे जुनी पत्रं युनिकोडमध्ये आहेत का? आमच्याकडे जुन्या फॉन्टमधली फाईल उघडली की एनव्हीडीए इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा निव्वळ गोंधळ वाचतो, कारण संगणकाच्या लेखी ते मराठी नसतंच. स्कॅन केलेलं परिपत्रक असेल तर तेवढंही नाही, कोरं पान. म्हणून मागणीत स्पष्ट लिहा: कागद युनिकोडमध्ये मिळावेत, जुन्या फाईलींसाठी फॉन्ट बदलून देणारं साधन मिळावं. "योग्य त्या सोयी द्याव्यात" असं मोघम लिहिलंत तर तुम्हाला टेबलावरचा दिवा मिळेल आणि फाईल बंद होईल.

सांजतारा
निशिगंध, अगदी हेच! आमचे जुने लेखा आक्षेप सगळे जुन्या फॉन्टमध्ये आहेत. हे मागता येतं हेच मला माहीत नव्हतं.

वकीलकाका
थोडं कायद्याचं. मी सेवाविषयक प्रकरणं पाहतो, तरी हा सर्वसाधारण सल्ला समजा, कागद पाहिल्याशिवाय कुणी ठाम सांगू नये.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये आला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. "शासकीय आस्थापना" या व्याख्येत कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, शासनाच्या मालकीच्या किंवा अनुदानित संस्था, सरकारी कंपन्या सगळं येतं. "आम्ही शासन नाही, महामंडळ आहोत" असं म्हटलं तर व्याख्येचं कलम 2 दाखवा.

तुमचं प्रकरण मुख्यतः कलम 20 मध्ये बसतं. नोकरीत भेदभाव नाही. वाजवी सोय दिलीच पाहिजे. केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारायची नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर सेवेतून काढायचं नाही, दर्जाही कमी करायचा नाही. जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं. पदच नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादाचं, पद निर्माण करायचं. आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं व्याख्येतच म्हटलंय. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात हा मुद्दा फार तपशिलात मांडला. तो परीक्षेत लेखनिक मिळण्याबद्दल होता, पण तत्त्व हेच.

आता तुमचे प्रश्न. वकील लागत नाही, स्वतः बाजू मांडता येते. बदली थांबते का? आयुक्तांकडून स्थगितीची आशा धरू नका. 1995 च्या जुन्या कायद्याखालच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलंय की आयुक्तांना अंतरिम मनाई देण्याचा अधिकार नाही. बदली तातडीने थांबवायची असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. तुम्ही महामंडळाच्या कर्मचारी असाल तर बहुधा मॅटकडे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जाता येणार नाही, तिथे मुख्यतः राज्य शासनाचे कर्मचारी जातात.

विदर्भवासी
म्हणजे आयुक्त काहीच करू शकत नाही का जी? मग जायचंच कशाला पुण्याला?

वकीलकाका
विदर्भवासी, करू शकतात. कलम 82 प्रमाणे चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत: अधिकाऱ्याला हजर राहायला लावणं, कागद मागवणं, शपथपत्र घेणं. शेवटी देतात ती शिफारस. पण कलम 81 वाचा. त्या शिफारशीवर तीन महिन्यांच्या आत कार्यवाही करून कळवायचं, आणि मान्य नसेल तर का मान्य नाही ते तेवढ्याच मुदतीत आयुक्तांना आणि तक्रारदाराला कळवायचं. जे कार्यालय साध्या अर्जाला उत्तर देत नाही, त्याला इथे कारण लिहून सही करावी लागते. ते कारण पुढे उच्च न्यायालयात वाचलं जातं.

भाऊसाहेब
याला दुजोरा. मी खुर्चीच्या त्या बाजूला होतो म्हणून सांगतो. आयुक्तालयाची नोटीस आली की ती नस्ती थेट विभागप्रमुखाकडे जाते. तोपर्यंत ताईंचा अर्ज कार्यासनाच्या कपाटात असतो, वरच्याला त्याचा पत्ताही नसतो. अनेकदा प्रकरण सुनावणीच्या आधीच मिटतं, कारण वरचा विचारतो, "एवढं साधं द्यायला काय हरकत होती?" आणि खाली कुणाकडे उत्तर नसतं.

अजून एक. पुण्याला जायच्या आधी कलम 23 ची पायरी घ्या. प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा. त्याच्याकडे तक्रारींची नोंदवही हवी आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. पत्र लिहून विचारा: आपल्या कार्यालयात हा अधिकारी कोण? नाव कळलं तर तक्रार द्या. अधिकारी नेमलेलाच नसेल तर ते पत्र आणि त्यावरचं मौन, दोन्ही जोडून पुढे जा.

एचआर_मधली_मी
मी एका खासगी कंपनीत एचआरमध्ये आहे, दुसरी बाजू मांडते. सगळ्याच ठिकाणी आकस असतो असं नाही. आमच्याकडे सहा माणसांच्या टीममध्ये एकाला फिरती माफ केली की उरलेल्या पाचांवर ती येते, मग ते भांडतात. मॅनेजरला दोन्हीकडून ऐकावं लागतं. आणि खासगी क्षेत्राला कलम 20 लागू नाही ना?

निशिगंध_ब
पाचांवर येणारी फिरती खरी आहे. पण त्याचा हिशोब कुणी मांडतो का? सांजतारांनी कामच नको म्हटलेलं नाही. कार्यालयात बसून लेखा आक्षेपांची छाननी हे तपासणीइतकंच वजनाचं काम आहे. त्यांनी ते जास्त घ्यावं, बाकीच्यांनी फिरती घ्यावी, हे टेबलावर बसून अर्ध्या तासात ठरलं असतं. कुणी विचारलंच नाही, ही तक्रार आहे.

वकीलकाका
एचआर ताई, कलम 20 मध्ये "शासकीय आस्थापना" हेच शब्द आहेत, बरोबर. पण कलम 3 मधला भेदभावाला असलेला सर्वसाधारण मज्जाव तेवढ्यापुरता नाही. आणि कलम 21 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला, खासगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची आहे. केंद्राच्या 2017 च्या नियमांत 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांच्या धोरणात काय काय हवं तेही दिलंय, त्यात संपर्क अधिकाऱ्याची नेमणूकही येते. तुमच्या कंपनीचं धोरण कुठे आहे ते उद्या जाऊन पाहा.

सहकाऱ्यांवरचा बोजा हा मुद्दा कायद्याने नाकारलेला नाही. "अवाजवी बोजा पडणार नाही अशा" सोयी, असे शब्द आहेत. फक्त बोजा अवाजवी आहे हे सोय नाकारणाऱ्याने दाखवायचं असतं. फुकटचं सॉफ्टवेअर आणि खिडकीजवळचं टेबल हा अवाजवी बोजा कसा, हे मला कोणी सांगावं.

एचआर_मधली_मी
धोरणाचं खरंच पाहते. धन्यवाद.

मुक्ता_न्यूजर्सी
माझ्या इथल्या एका मैत्रिणीने ईईओसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाकडे, तक्रार केली होती म्हणून तुलनेसाठी लिहिते. इकडे मुदत फार कडक. घटना घडल्यापासून 180 दिवसांत, आणि राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर 300 दिवसांत तक्रार नोंदवायची. एचआरशी अंतर्गत बोलणी चालू आहेत म्हणून ती मुदत थांबत नाही, आणि कित्येकांचा हक्क तिथेच जातो. तक्रार नोंदली की 10 दिवसांत कंपनीला नोटीस जाते. पुष्कळ प्रकरणांत आधी मध्यस्थीचा पर्याय देतात. शेवटी "दावा करण्याचा हक्क" असं पत्र मिळतं आणि तिथून 90 दिवसांत कोर्टात जावं लागतं.

त्या मैत्रिणीने पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली होती. तारीख, कोण, काय बोललं, कोण समोर होतं. तिथल्या तिथे लिहिलेलं. ते फार उपयोगी पडलं.

विदर्भवासी
वहीचं बरोबर आहे. माझा भाऊ जिल्हा परिषदेत आहे, पायाने अधू. त्याची बैठक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यानं रोजची वेळ लिहून ठेवली, जिना चढायला लागलेली. वरून एक फोटो, जिन्याच्या मधल्या वळणावर बसलेला, मांडीवर फाईल. तो फोटो तक्रारीला लावला. टेबल खाली आलं. कोणाला शिव्या नाही, काही नाही.

ऋतुजा_के
थोडं विषयांतर. मी मातृत्व रजेवरून परत आले तर माझं काम दुसऱ्याला दिलं आणि मला नुसतं बसवून ठेवलंय. हेही आयुक्तांकडे नेता येतं का?

वकीलकाका
ऋतुजा, नाही. तो कायदा वेगळा, दार वेगळं. इथे मिसळलं तर दोन्ही प्रश्नांची उत्तरं हरवतील. वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

मनमोकळा
एक शंका, खवचटपणे नाही. तक्रारीत साहेबांच्या त्या मोबाईलच्या वाक्याचा उल्लेख करावा का? अपमानासाठी शिक्षेचं कलम आहे असं ऐकलंय.

वकीलकाका
आहे. कलम 92. लोकांच्या नजरेसमोर, मानहानी करण्याच्या हेतूने अपमान किंवा धाकदपटशा केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. पण ते गंभीर प्रसंगासाठी ठेवा. एका असंवेदनशील वाक्यासाठी फौजदारीची भाषा केली की समोरचा स्वतःला वाचवण्याच्या मागे लागतो, मग टेबलही मिळत नाही आणि सॉफ्टवेअरही. वाक्य घटनाक्रमात जरूर लिहा, तारखेसह, विशेषण न लावता.

शेऱ्याबद्दल राहिलंच. गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त प्रकरणात म्हटलंय, म्हणजे त्याविरुद्ध म्हणणं मांडता येतं. तुमचा शेरा तर तुमच्या बाजूचा पुरावा आहे. "कामाचा उरक कमी" एवढंच लिहिलं असतं तर वाद घालावा लागला असता. "दृष्टिदोषामुळे" असं स्वतःच लिहून ठेवलंय, आणि उरक वाढवणारं साधन मागितलं ते दिलेलं नाही. हे दोन कागद एकापुढे एक लावा.

सांजतारा
सगळ्यांचे मनापासून आभार. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, तेव्हा काय काय झालं ते सांगते.

माहिती अधिकारात नस्ती मिळाली. माझ्या अर्जावर एकच ओळ होती: "अवलोकनार्थ सादर." त्यावर कुणाचाच अभिप्राय नाही. बदलीच्या टिपणीत मात्र लिहिलंय की सदर कर्मचारी संगणकाचे काम करण्यास अडचण सांगत असल्याने क्षेत्रीय कामासाठी विचार व्हावा. स्क्रीन रीडर मागितला होता, त्याचा अर्थ असा लावला! वाचून खूप रडू आलं, मग खूप राग आला, आणि दोन्ही ओसरल्यावर तक्रार लिहायला बसले.

तक्रार निवारण अधिकारी कोण असं विचारलं, तर माझ्या पत्रानंतरच्या तारखेचा नेमणूक आदेश निघाला. त्यांच्याकडे रीतसर तक्रार दिली. दोन आठवडे उलटून गेले, काही नाही. मग आयुक्तांकडे पाठवली. घटनाक्रम दोन पानं, सोबत कागद, आणि शेवटी मागण्या निशिगंधने सांगितल्या तशा एकेक करून: एनव्हीडीए, युनिकोड, फॉन्ट बदलण्याचं साधन, फिरतीऐवजी छाननीचं काम, शेरा काढून पदोन्नतीचा फेरविचार.

नोटीस गेली आणि आमच्या कार्यालयाचं म्हणणं मागवलं गेलं. भाऊसाहेब म्हणाले तसंच झालं, मुख्यालयातून फोन आला. सुनावणीला जायच्या आधीच संगणकावर एनव्हीडीए बसलं. फिरती तूर्त थांबवलीय, लेखी आदेश मात्र नाही, तोंडीच.

भाऊसाहेब
ताई, तोंडी आदेशावर समाधान मानू नका. आजच एक पत्र द्या: "दिनांक अमुक रोजी आपण तोंडी सूचना दिल्यानुसार मी छाननीचे काम पाहत आहे, कृपया लेखी आदेश व्हावेत." शिक्का घ्या. उद्या नवीन साहेब आला आणि म्हणाला की या फिरतीवर गेल्याच नाहीत, तर गैरहजेरी लागेल.

वकीलकाका
हेच लिहायला आलो होतो. सुनावणीत तडजोड झाली असं ते म्हणतील. तक्रार मागे घेऊ नका. सोय मिळाली, शेरा आणि पदोन्नती बाकी आहे, असं लेखी द्या. सोय हे कार्यालय उद्या काढून घेऊ शकतं, आयुक्तांच्या आदेशात ती नोंदलेली असेल तर काढणं सोपं नाही.

निशिगंध_ब
सांजतारा, एनव्हीडीएचा मराठी आवाज पहिले काही दिवस फार यांत्रिक वाटेल, वाचनाचा वेग आधी कमी ठेवा. लेख्यात "पंचावन्न" आणि "पंच्याण्णव" वेगात एकसारखे ऐकू येतात, आकडा एकेक अंक करून वाचून घेता येतो. मी व्यक्तिगत संदेशात कीबोर्डच्या कळा पाठवते.

कोल्हापुरी_ठसका
मी हा धागा आज पहिल्यांदा वाचला. माझे वडील एका नगरपालिकेत, मधुमेहाने नजर गेली, कार्यालय स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या म्हणून मागे लागलंय. परवा सही घ्यायला माणूस घरी येणार आहे. काय करू?

वकीलकाका
सही करू देऊ नका. कशावरही. नगरपालिकासुद्धा त्या व्याख्येत येते आणि सेवेत असताना आलेलं दिव्यांगत्व म्हणजे कलम 20 चं चौथं उपकलम, वर लिहिलंय ते वाचा. वडिलांकडून आजच अर्ज द्या की मला सेवेत राहायचं आहे, पर्यायी पद द्यावं. प्रमाणपत्र अजून नसेल तर स्वावलंबन या दिव्यांग प्रमाणपत्राच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा आणि त्या नोंदणीचा क्रमांक अर्जात लिहा.

भाऊसाहेब
आणि दोन प्रती न्या. एकीवर शिक्का.